मागची पिवळी काच

माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या गाडीचं बूड बघणारा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा होता. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मोटारीतलं मला काही कळत नाही. पण मोटार वळताना मागे जो दिवा लुकलुकतो तो पिवळाच पाहिजे, लाल नको, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. लाल दिवा ब्रेकचा, पिवळा वळायचा. दोन्ही लाल केले तर मागून येणाऱ्यानं काय समजायचं, गाडी थांबतेय की वळतेय, हा प्रश्न आमच्या व्याह्यांनी जन्मभर भेटेल त्याला विचारला. लग्नात विचारला, मयतीत विचारला. एकदा न्हाव्यापुढे बसून अर्ध्या दाढीनं उठले आणि रस्त्यावरच्या जीपवाल्याला विचारून आले.

लातूरला आडत बाजाराच्या मागे पत्र्याच्या शेडात त्यांचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. हॉर्न, दिवे, बॅटरी सगळं करत, पण गिऱ्हाईक हॉर्नसाठी आलं तरी हे आधी मागे जाऊन वाकत. सगळे त्यांना पिवळे मिस्त्री म्हणत. माझी लेक बघायला आले त्या दिवशी आम्ही पोहे केले, पोरीला पाटावर बसवलं, सगळे तिच्याकडे बघत होते आणि मुलाचा बाप काही दिसेना. शोधायला गेले तर ज्या मोटारीतून पाहुणे आले होते तिच्या मागे हे उकिडवे बसलेले. माझ्या दिरानं विचारलं, पसंत आहे का? हे म्हणाले, "डावा लाल हाय." घरात कुजबूज सुरू झाली. पोरीच्या डाव्या अंगाला काय लाल आहे म्हणून तिची चुलती तिला आत नेऊन बघून आली. मोटार एका डॉक्टरांची होती, जुनी, परदेशी घाटाची, वळायचे दिवेसुद्धा लाल असलेली. व्याह्यांनी परत जाताना त्या मोटारीत बसायला साफ नकार दिला आणि एसटीनं गेले. पुढे लग्नात मांडव परतणीच्या जेवणावळीत सगळे जिलेबी मागत असताना त्यांनी मिठाईच्या पुड्याचा पिवळा कागद मागून घेतला आणि डॉक्टर हात धुवून येईपर्यंत त्यांच्या दोन्ही दिव्यांना तो चिकटवून टाकला. डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. पण त्यानंतर कुणाच्या लग्नाला त्यांनी मोटार दिली नाही.

त्यांच्या खिशात तंबाखूची डबी असायची, तिच्यात तंबाखू नसायची. फुटक्या पिवळ्या काचांचे तुकडे असायचे. सायकलच्या मागे पिवळा रुमाल बांधलेला. पायी चालतानासुद्धा गल्लीत वळायच्या आधी हात बाहेर काढत, मग मागे कुणी असो वा नसो. नातू झाला तेव्हा सोनं-चांदी राहू द्या, एक झबलंसुद्धा आणलं नाही. काठ घासून गुळगुळीत केलेली एक पिवळी काच आणली आणि पोराच्या डोळ्यांपुढे धरली. मी म्हटलं, इवाई, हे काय खेळणं झालं का? तर ती काच त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इहीणबाई, तिकडं शेताकडं धरून बघा." दुष्काळाचं साल होतं. शेतात काडी नव्हती, नुसती भेगा पडलेली जमीन. काचेतून बघितलं तर सगळं रान पिकलेल्या ज्वारीसारखं दिसलं. मी काच परत दिली आणि म्हटलं, "काच काढली की पुन्हा मातीच." ते हसले. राग त्यांना येतच नसे, हा एक त्यांच्यात दोषच होता.

त्याच साली लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून लातूरकरांनी मिरवणूक काढली, जीपा, ट्रक, ट्रॅक्टर, सगळ्यांवर पोतीच्या पोती गुलाल उधळला. मी लेकीकडे गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. सगळा गाव नाचतोय आणि आमचे व्याही ओलं फडकं घेऊन एकेका गाडीच्या मागे पळतायत, दिव्यावरचा गुलाल पुसतायत. पुढच्या गाडीचा पुसून होईपर्यंत मागची पुन्हा लाल. लोकांना वाटलं ह्याला जिल्हा मान्य नाही. दोघा-तिघांनी त्यांची गचांडी धरली, हा उस्मानाबादचा माणूस दिसतो म्हणाले. तेव्हा ते शांतपणे बोलले, "जिल्हा तुमचा, गुलाल तुमचा. पण ह्यो दिवा मागून येणाऱ्याचा हाय." धरणाऱ्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी सोडलं. खरं तर नव्या जिल्ह्याचा आनंद त्यांच्याइतका कुणालाच नव्हता. नव्या कचेऱ्या होणार, कचेऱ्यांना जीपा येणार, आणि त्यांच्या वायरिंगचं काम आपल्याला मिळणार असं त्यांना एका साहेबानं सांगितलं होतं. जिल्ह्यातली एकूण एक सरकारी गाडी मागून पिवळी, हे त्यांचं स्वप्न. लोक स्वप्नात बंगला बघतात.

आता जे सांगायचं म्हणून मी लिहायला बसले ते सांगते. माझं गाव लोह्याहून अहमदपूरला जाताना फाट्यापासून आत आहे. जिल्हा झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात गावातल्या दोन्ही विहिरी आटल्या. मी चार बाया घेऊन तीनदा कंधारच्या तहसीलात गेले, तिसऱ्यांदा तिथेच घागरी मांडून बसले, तेव्हा टँकर मंजूर झाला. ठेकेदाराचा टँकर, आणि योगायोगानं चालवायला माझा जावईच. पहिल्या दिवशी गावानं टँकरची पूजा केली. पाच सवाष्णी पुढे झाल्या, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी विधवा. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मला कुणी हो म्हणालं नाही आणि नको म्हणालं नाही, नुसती वाट ठेवली नाही. मी मागे जाऊन उभी राहिले. रडू वगैरे मला येत नाही. पण टँकर मी आणला होता. दुसऱ्या दिवशी फडताळातला कुंकवाचा करंडा काढला, तो सहा वर्षं तसाच पडून होता. टँकर आला, पुढे पाण्याची झोंबाझोंबी चालली होती, तेवढ्यात मी मागच्या उजव्या दिव्यावर अंगठ्यानं कुंकू लावलं. मागे कोण बघतंय? रोज लावू लागले. कोरडं कुंकू काचेवर बसत नाही, म्हणून तेलात कालवून नेऊ लागले.

मागे बघणारा एकच माणूस होता, आणि तो आठ दिवसांनी लेकाला भेटायला आला. आल्या आल्या टँकरच्या मागे गेला. तिथून हाक आली, ह्या दिव्याला कुंकू कुणी लावलं? सगळ्या सवाष्णींनी पुढचा भाग दाखवला, आम्ही इथंच लावलं म्हणाल्या. मी हात पदराखाली घेतला. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदराकडे बघितलं, आणि फडक्यानं दिवा पुसत बसले. जाताना चहा प्यायला माझ्या घरी थांबले. कपबशी खाली ठेवली आणि जमिनीकडे बघून हळूच म्हणाले, "इहीणबाई, मागच्या दिव्याला हळद चालती. कुंकू न्हाई चालत." मला संताप आला. नुसती हळद मी कशाला लावू? माझ्या कपाळावर नाही ते निदान टँकरवर असू दे. दुसऱ्या दिवशी दुप्पट जाड लावलं.

आणखी दहा दिवस गेले असतील. दिवेलागणीची वेळ होती. टँकर लोह्याकडून भरून आला आणि फाट्यावर उजवीकडे वळायला लागला. मागून एक गुरुजी फटफटीवर येत होते. त्यांना लाल दिसलं. गाडी थांबतेय असं समजून ते उजवीकडून पुढे काढायला गेले आणि टँकरच्या मागच्या कोपऱ्यावर आदळले. दिवा फुटला आणि त्यांची मांडी मोडली. आम्ही घागरी घेऊन फाट्याकडेच निघालो होतो, तशाच धावत गेलो. गुरुजी शुद्धीवर होते. एवढंच म्हणत होते, लाल दिवा लुकलुकला, मला वाटलं थांबून राहिलाय. जावई खाली उतरून फुटक्या दिव्याकडे बोट दाखवत होता. पिवळा होता, बाबांनी बसवलेला पिवळा होता, म्हणत होता. मी घागर काखेत धरून उभी राहिले. त्या दिवशीसुद्धा अंगठा लालच होता.

सकाळी जमादार फाट्यावर पंचनाम्याला आले. पहिल्या एसटीनं व्याही आले. गाव गोळा झालं होतं. जमादारांनी विचारलं, डावीकडचा दिवा पिवळा आहे, मग उजवीकडचा लाल कसा दिसला? तेव्हा आमच्या गल्लीतली एक म्हातारी बोलली की मागे कुणीतरी कुंकू लावत होतं, सवाष्णींनी तर पुढंच लावलं, मग मागं लावणारी कोण? गावात विधवा पाच-सहा होत्या, पण टँकरपाशी रोज उभी राहणारी मी एकटी. पुढे काय होणार ते मला कळत होतं. विधवेचा हात लागला म्हणून अपघात झाला, असं एकदा बोललं गेलं की ते माझ्या राखेबरोबरच जाणार. ठेकेदारही तिथेच उभा होता, गावच्या लोकांनी गाडीचे दिवे माखले तर ही खेप बंद करतो म्हणत होता. म्हणजे माझ्या अंगठ्यापायी गावाचं पाणीही जाणार होतं. मी बोलायला तोंड उघडलं. खोटं वाटेल, पण उघडलं होतं.

व्याही तेव्हा खाली वाकून काचा वेचत होते. पायात जातील म्हणत एकूण एक तुकडा त्यांनी उचलला, एक उजेडात धरून बघितला आणि सगळे डबीत टाकले. मग उठून म्हणाले, "जमादारसाहेब, काच लालच व्हती. पिवळी मिळंना म्हणून मीच बसिवली. गलती माझी."

जमादार हसायलाच लागले. त्यांच्या स्वतःच्या गाडीला ह्या माणसानं लोह्याच्या बाजारात एकदा अडवलं होतं. "तुम्ही? पिवळे मिस्त्री तुम्ही, अन् लाल काच बसिवली?"

"हाव. बसिवली."

जावई म्हणाला, "बाबा, अवं मी सोता बघितलं..."

"तू गप ऱ्हा. तुला मागचं काय दिसतंय?"

तसंच लिहून घेतलं. जावयाचं नाव सुटलं, टँकर चालू राहिला, म्हातारी घरी गेली. व्याह्यांना त्यानंतर बरेच दिवस तारखांना जावं लागलं. गुरुजींची मांडी जुळून ते काठी टेकत चालायला लागले, त्यांच्या घरी जाऊन ह्यांनी माफीसुद्धा मागितली. लातूरभर बातमी झाली. ड्रायव्हर लोक त्यांच्या दुकानावरून जाताना लाल मिस्त्री म्हणून ओरडत. नव्या कचेऱ्यांच्या जीपा आल्या, त्यांचं काम दुसऱ्याला गेलं. व्याही त्या जीपांच्या मागे मात्र वाकून बघत राहिले, लोक हसले तरी. नंतर नंतर कुणाला प्रश्न विचारेनासे झाले. नुसतं बघत, आणि उठून जात.

पंचनाम्याच्या दिवशी ते माझ्याकडे चहाला थांबले होते. मी सरळ विचारलं, "इवाई, असं का केलं?" त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायले. मग म्हणाले, "तुमाला पुढं उभं ऱ्हाऊ दिलं असतं तर मागं लावायची पाळी आली नसती." आणि उठता उठता, "कुंकू तेलात कालवलं व्हतं न्हवं? म्हणून निघालं न्हाई." दोष देत नव्हते. वायरमधला बिघाड सापडल्यावर सांगतात तसं सांगितलं. दोन सालांनी गावात नळ आला, तेव्हा पूजेला मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. कुणी काही म्हणालं नाही. तहानलेले लोक फार बोलत नाहीत.

ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मागच्या महिन्यात लेकीनं घर आवरताना ती तंबाखूची डबी काढली आणि मला विचारायला आणली, आई, मामांच्या ह्या काचा टाकू का? मी डबी ठेवून घेतली. तिच्यात एक तुकडा इतरांसारखा नाही. काठानं पिवळा आहे आणि मध्ये लाल खरपुडी धरलेली आहे. नखानं खरवडून बघितली, निघत नाही. तुकडा शेताकडे धरला. यंदा पाऊस बरा झाला आहे, ज्वारी उभी आहे, तिला काचेची गरज नव्हती. तरी बराच वेळ धरून बसले. काठातून ज्वारी दिसत होती, आणि मध्ये माझा अंगठा.

हे मी तेव्हा सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. जावयालासुद्धा नाही. व्याह्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही सोयीचं म्हणून काढला नाही. आता मला कोण काय म्हणणार, आणि म्हटलं तर किती दिवस? लातुरात जुने ड्रायव्हर अजून काही असतील. त्यांच्यापैकी कुणाला हे वाचता आलं, किंवा कुणी वाचून दाखवलं, तर एवढं ऐकून ठेवा. कुंकू माझं होतं. काच पिवळी होती.