अंगाची ऊब

माझी धाकटी बहीण सुनीता एका प्रयोगशाळेत काम करते. इलेक्ट्रॉनच्या झोताने ती नखाएवढ्या चकतीवर केसाहून कितीतरी बारीक रेघा लिहिते. झोत फिरतो तिथेच अर्धवाहकाची रेघ उमटते, आणि त्या रेघांना प्रकाश कळतो. परवा दुपारी मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने नवी चकती प्रकाश मोजून टिकटिकणाऱ्या मापकाला जोडली आणि बंद खोलीतला दिवा मालवला.

"दादा, आता भिंतीपासून माझ्याकडे चालत ये."

मला माझा हातही दिसत नव्हता. मापकाची टिकटिक मात्र माझ्या प्रत्येक पावलाला वाढत गेली. मी थांबलो, श्वास रोखला. टिकटिक कमी झाली नाही.

"अंगाची ऊब हाही प्रकाशच," सुनीता कौतुकाने म्हणाली. "आपल्या डोळ्यांना दिसत नाही, इतकंच."

लपायला अंधार पुरतो, असं मी आजवर समजत होतो. घाबरलेलं माणूस पाऊल थांबवेल, श्वास दाबेल, तान्ह्या मुलाच्या तोंडावर हात ठेवेल. पण ऊब कशी थांबवणार? ते माणूस जिवंत आहे, एवढ्यानेच सापडेल.

"हे कशासाठी गं?"

"दरीत हरवलेली माणसं शोधायला, असं काम देणाऱ्यांनी आधी सांगितलं होतं." तिने दिवा लावला. "आता म्हणतात, आणखी लांबून दिसायला हवं. आणि समोरच्याला कळता कामा नये."

"हरवलेल्याला शोधणारा तर हाका मारत जातो," मी म्हणालो.

सुनीताने पुढची चकती यंत्रात ठेवली.