टॅक्सीतले देव आणि मुके वकीलसाहेब

ते प्रकरण आठवलं की आजही मला एकट्याला हसू फुटतं आणि घरचे विचारतात, काय झालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. मूळचा सीमाभागातला असल्यामुळे मराठी फिर्यादी आला की ठाणे अंमलदार त्याला सरळ माझ्या खोलीत पाठवून मोकळा व्हायचा.

त्या दुपारी असेच एक गृहस्थ आत आले आणि मी नकळत खुर्चीत सावरून बसलो. शहरातले नामांकित फौजदारी वकील. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, घरात मराठी आणि बाहेर कन्नड, आणि दोन्ही भाषांत जीभ सारखीच तिखट. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोलिसाला त्यांनी घाम फोडला नाही असा दिवस जात नसे. "भाषण नको, फक्त हो की नाही ते सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या ठाण्यातल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकून घेतलेलं होतं.

आज मात्र वकीलसाहेब खुर्चीवर बसले आणि एक शब्द बोलेनात. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी हवेत स्टिअरिंग फिरवलं, छाती पिटली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"त्याला विचारू नका अण्णा, त्याचं मौन आहे," त्यांच्यामागून आलेल्या त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या. "स्वल्प पाणी द्या, मी सगळं सांगते."

हकिगत अशी होती. वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न परवावर आलं होतं. त्याआधी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे कुलदेवतांच्या मूर्ती कोरलेले पत्रे, उजळून आणायचे होते. त्यांचा पिढीजात सोनार पुण्याचा. वकीलसाहेब टाक घेऊन विमानाने परतले. त्यांच्या घराण्याची रीत अशी की, उजळलेले देव सोनाराच्या हातून घेतले की घरच्या देव्हाऱ्यात बसवेपर्यंत आणणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

"मग लिहून द्या ना," मी कागद पुढे सरकवला. वकीलसाहेबांनी आशेने पेन उचललं.

"ठेव ते!" आत्याबाई कडाडल्या. "लिहिणं म्हणजे बोलणंच. खुणा चालतात. आमच्या आजोबांनी खुणांवर बैल विकला होता."

वकीलसाहेबांनी मुकाट्याने पेन ठेवलं.

तेव्हा विमानतळ गावातच होता. उतरलेल्या माणसाला घरी जायचे मार्ग तसे बरेच होते, पण मौनातल्या माणसाला सगळे बंद. सरकारमान्य टॅक्सीच्या खिडकीवर जायचं ठिकाण बोलावं लागतं, बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगावा लागतो आणि ऑटोवाल्याशी तर आधी भांडावं लागतं. अशा वेळी एक काळी-पिवळी अँबेसेडर आपण होऊन समोर आली. ड्रायव्हरने बॅग उचलायला हात पुढे केला. वकीलसाहेबांनी बॅग छातीशी धरली, पत्ता छापलेलं कार्ड दाखवलं आणि आत बसले. ड्रायव्हरने दोन-चार प्रश्न विचारून पाहिले. उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने शेजारी बसलेल्या आपल्या सोबत्याकडे पाहून कानाला आणि तोंडाला हात लावला. गिऱ्हाईक मुकं आणि बहिरंही.

मल्लेश्वरमला यायचं म्हणून निघालेली गाडी त्याने जयनगरवरून फिरवली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मीटर पळतंय आणि ज्या माणसाने न्यायाधीशांनाही रस्ता दाखवला तो मागच्या सीटवर नुसता दात-ओठ खातोय! घरी पोचल्यावर देवांवरून भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय त्यांना आत न्यायचं नसतं. ते जमिनीवरही टेकवायचे नसतात. म्हणून बॅग सीटवर ठेवून वकीलसाहेब फाटकापर्यंत गेले. हाक मारता येईना, म्हणून टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात टॅक्सी सुटली. "चोर, चोर" म्हणून ओरडायची सोय नाही. ते टॅक्सीमागे धावत आणखी जोरात टाळ्या वाजवत राहिले. लग्नघर आहे, वकीलसाहेब आनंदात आहेत, असं समजून समोरच्या घरातल्या बायकांनीही टाळ्या वाजवल्या.

"देव बसल्याशिवाय हा बोलणार नाही, आणि हा बोलल्याशिवाय कन्यादान व्हायचं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीचं लग्न अडलंय अण्णा. काहीही करा."

मला त्या क्षणी वकीलसाहेबांची खरोखर दया आली. फिर्याद आत्याबाईंच्या नावाने नोंदवून घेतली. टॅक्सीचा नंबर वकीलसाहेबांनी बोटांवर बिनचूक दाखवला. आरटीओकडे चौकशी केली, तर तो नंबर एका ट्रॅक्टरचा निघाला. हल्ली गाडी कुठे आहे ते म्हणे फोनवर ठिपका सांगतो. आमचा ठिपका म्हणजे वायरलेस. संदेश सुटला आणि तासाभरात प्रत्येक नाक्यावर काळ्या-पिवळ्या टॅक्स्या अडवल्या गेल्या. आतली माणसं आम्हाला शिव्या घालू लागली. आमची टॅक्सी काही सापडली नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस बहिरा आहे असं समजल्यावर समोरची दोघं काय गप्प बसली असतील? मी विचारलं, "वकीलसाहेब, ते दोघं गाडीत कन्नडमध्ये बोलत होते?"

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की टेबलावरचा ग्लास सांडला.

यानंतर जी चौकशी झाली, तशी माझ्या नोकरीत दुसरी झाली नाही. अख्खं ठाणं माझ्या दारात गोळा झालं. वकीलसाहेबांनी कानाची पाळी ओढली, तिच्यात काहीतरी खुपसल्यासारखं केलं आणि लहान मुलासारखं तोंड वेंगाडलं.

"कान दुखतोय," एक जमादार म्हणाला.

"विंचू," दुसरा म्हणाला.

"शाळामास्तर!" तिसरा.

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"भाषण नको साहेब," मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "फक्त हो की नाही ते सांगा." ठाणं हसून लोळायचं बाकी राहिलं. मी डोळे वटारले, पण मिशीखाली मीही हसतच होतो.

शेवटी आत्याबाईंनीच ओळखलं. "अय्यो, कान टोचणं! कोणाच्या तरी बाळाचे कान टोचायचेत." मान जोरात हलली. कधी? बोटाने उद्या. कुठे? वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी भलामोठा गोळा दाखवला, तो सोलला आणि एकेक फोड तोंडात टाकली. फणस, कलिंगड, नारळ, सगळं झालं. तेव्हा ज्याची सासुरवाडी त्या बाजूची होती तो आमचा हवालदार पुढे सरसावला. "साहेब, पपनस! देवनहळ्ळीचं पपनस!" वकीलसाहेब उठून त्याच्या गळ्यात पडले. याच हवालदाराची त्यांनी मागच्या महिन्यात उलटतपासणीत सालटी काढली होती.

देवनहळ्ळीला आज विमानं उतरतात. तेव्हा तिथे किल्ला, शेतं आणि पपनसाच्या बागा होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यात, वकीलसाहेबांना बरोबर घेऊन, आम्ही भाड्याच्या व्हॅनने निघालो. कान टोचण्याचा मांडव शोधायला फार फिरावं लागलं नाही, कारण मांडवाबाहेरच ट्रॅक्टरचा नंबर लावलेली अँबेसेडर उभी होती. वकीलसाहेबांनी व्हॅनमधूनच बोट दाखवलं. ड्रायव्हर पंगतीत वाढत होता. भाचीचाच समारंभ होता तो.

मी त्याला बाजूला घेतलं. कालच्या भाड्याचं विचारलं. आपण काल विमानतळावर गेलोच नाही, अशी त्याने तिथल्या तिथे शपथ घेतली. मी व्हॅनच्या आड उभ्या असलेल्या वकीलसाहेबांना नुसतं पुढे बोलावलं.

"हे?" ड्रायव्हर भडकून म्हणाला. "हे तर मुके आहेत! यांनी तुम्हाला कसं सांगितलं?"

बोलून गेला आणि आपणच चपापला. हातातल्या भांड्यातला सांबार त्याच्या पायावर सांडला.

बॅग घरातच होती. पण आत जाऊन पाहतो तर ड्रायव्हरच्या आईने टाक पाटावर मांडून, जास्वंद वाहून त्यांची पूजा केलेली. गिऱ्हाईक बॅग विसरलं, असं पोराने तिला सांगितलं होतं. खरं कळल्यावर तिने सगळ्या पाहुण्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, "घेऊन जा साहेब. पण नैवेद्य दाखवू द्या आधी. देव माझ्या घरून उपाशी नकोत जायला." वकीलसाहेबांनी तिला वाकून नमस्कार केला. आम्ही सगळे थांबलो आणि जेवूनच निघालो.

खरी पंचाईत पुढेच होती. जप्त केलेले टाक म्हणजे मुद्देमाल. तो कोर्टाच्या हुकमाशिवाय सोडता येत नाही आणि हुकूम मिळायला किती वेळ लागतो हे वकीलसाहेबांइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांचा चेहरा उतरला. मी पंचनामा उरकून गाडी तडक कोर्टाकडे घेतली. मालाच्या परतीचा अर्ज आत्याबाईंच्या नावाने दिला. आमची हरकत नसल्याचं लिहून दिलं. अर्जदाराचे वकील म्हणून वकीलसाहेब सवयीने काळा कोट घालून उभे राहिले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा सारून वर पाहिलं. या वकिलांचे तास तास चालणारे युक्तिवाद त्यांनी वर्षानुवर्षं सोसले होते. "बोला," ते थकलेल्या आवाजात म्हणाले.

वकीलसाहेबांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाट पाहिली. अर्ज वाचला, पंचनामा वाचला. पुन्हा वकीलसाहेबांकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत तुमचं म्हणणं मला आज पहिल्यांदा पूर्ण पटलंय," ते म्हणाले आणि तिथेच सही केली.

या प्रकरणाने मला तपासातली एक मोठी युक्ती शिकवली. त्याआधी मी आरोपीवर आवाज चढवायचो. नंतर मी त्याच्यासमोर नुसता चहा पीत बसू लागलो. समोरचा गप्प असला की माणसाला राहवत नाही. तो बोलतो, आणि नको ते बोलतो. निवृत्त होईपर्यंत मला या युक्तीने दगा दिला नाही.

लग्नाला मी सहकुटुंब गेलो. देव आदल्या संध्याकाळीच घरी बसले होते आणि तेव्हापासून वकीलसाहेबांची जीभ थांबलेली नव्हती. केटरर, मांडववाला, बॅंडवाला, सगळ्यांची उलटतपासणी झाली होती. कन्यादानाची वेळ आली. भटजींनी संकल्प सांगितला आणि म्हणाले, "माझ्या मागून म्हणा." वकीलसाहेबांनी मुलीचा हात हातात घेतला, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. "अरे बोल की आता, देव बसलेत!" आत्याबाई मागून म्हणाल्या. ते मान हलवत राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. शेवटी मुलगीच वडिलांच्या कानाशी वाकली, भटजींचे शब्द तिने हळू आवाजात एकेक करून सांगितले, आणि वकीलसाहेब ते तिच्या मागून म्हणत गेले.