पट्टेरी पाल आणि आत्यांची चूल

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या डिंगोऱ्याच्या घरी आंघोळीच्या पाण्याची चूल अजून अंगणात आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ती एकदा पेटवली, आणि त्यानंतर आत्यांनी मला तिथे फिरकू दिलं नाही. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनेला साधा जाळ घालता येत नाही, असं त्यांचं मत झालं असावं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दाताला मिश्री लावून आत्या सरपण काढायला बसल्या. एक लाकूड ओढलं आणि हाताला काहीतरी वळवळलं. त्यांनी हात झटकला. जमिनीवर तुटकी शेपटी नाचत होती आणि शेपटीची मालकीण लाकडाआडून आमच्याकडे बघत होती. तपकिरी अंग, त्यावर काळ्या काठाचे पिवळे आडवे पट्टे.

"चावलं गं," आत्या मटकन खाली बसल्या. "पट्ट्याचं हाय. ह्याच्या इखाला उतार नाय."

विष चढलंय का हे बघायला आमच्याकडे कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर माणूस वाचला. शेजारच्या काकू धावत जाऊन डहाळी घेऊन आल्या. आत्यांनी मूठभर पाला चावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काईच लागत नाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी आत्यांचा हात धुऊन उजेडात पाहिला. दात लागल्याची खूण नव्हती. मग वाकून त्या प्राण्याकडे नीट बघितलं. घरातल्या पालीची बोटं भिंत धरायला रुंद असतात, हिची बारीक होती. म्हणजे ही डोंगराकडची, जमिनीवरची पट्टेरी पाल. दिवसा दगडा-लाकडाखाली दडायचं, अंधारात किडे टिपायचे, कुणी धरलंच तर शेपटी सोडून पळायचं. विषाचा थेंब नाही अंगात.

"आत्या, ही बिनविषारी पाल आहे. चावलेलीही नाही. तरी दवाखान्यात जाऊ, यांना गाडी काढायला सांगते."

आत्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गाडी ऱ्हाऊ दे. माझ्या माघारी ही चूल तू पेटवायची नाय. माझ्या लेकाला पेटवू दे. नवी आली तवा जाळ घालताना किती ठसका लागला व्हता तुला. तुला धूर सोसत नाय."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं मी काय धरून बसले होते, आणि या बाईच्या मनात काय होतं! डोळे पुसताना त्यांच्या ओठांच्या कडेची काळी रेघ दिसली. मिश्रीने सगळं तोंड बधिर झालेलं.

"आत्या, आधी चूळ भरा."

त्यांनी खळखळून चूळ भरली आणि पुन्हा पाला चावला. तोंड वेडंवाकडं झालं. "लई कडू हाय गं," म्हणत त्या थुंकल्या आणि हसायलाच लागल्या.

आता सरपण काढण्याआधी आत्या ढिगावर काठी आपटतात आणि "कडंला व्हय बाई" म्हणतात. मी जवळ गेले की हात करून लांब बसवतात. मी ओट्यावर बसते. परवा नीट कान दिला, तेव्हा कळलं. जाळ घालताना ठसका त्यांनाही लागतो. तो त्या पदरात दाबतात.