काहीतरी घडवा

"माणसं झकास जमलीयत, पण गोष्टीत काही घडतच नाही. काहीतरी घडवा," असं दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, आणि मी अंबरनाथला घरी येऊन घडवलं.

गोष्ट आमच्या शेजारणीवरून सुचली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तिच्या नवऱ्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. तो दिवसभर गॅलरीत बसून असायचा आणि ती उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या शर्टांना घरी बटणं लावायची. गठ्ठा जड, म्हणून व्यापारी स्वतःच स्कूटरवरून आणून द्यायचा. "भाभी, शनिवार तक हो जाएगा ना?" एवढं दारातूनच विचारायचा आणि निघायचा. चहासुद्धा घेत नसे.

आता यात घडवणार काय? मी गोष्टीतल्या बाईला व्यापाऱ्याबरोबर पळून जायला लावलं. ओळख लागू नये म्हणून नाव बदललं, गाव बदलापूर केलं, शर्टांच्या जागी साड्यांचे फॉल आणले. माझी अक्कल एवढीच. तिला मात्र होती तशी ठेवली. बोलताना सुई ओठांत धरणारी, हसू आलं की आधी ती काढून पदराला टोचणारी, नवऱ्याला वाढून "मी मघाशीच खाल्लं" म्हणणारी. त्यातलं काही बदलायला हात धजेना. लिहून झाल्यावर मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

कॉलनीत वर्गणी काढून घेतलेले दिवाळी अंक घरोघर फिरत. आमच्या मजल्यावर माझ्या गोष्टीचा अंक पोचला, बायकांनी पदराला टोचलेली सुई वाचली आणि तिला ओळखलं. बाई खरी निघाल्यावर व्यापारीही खराच ठरला.

"तुम्हाला दुसरं काही सुचलं नाही का हो?" बायकोने विचारलं.

"अगं, कल्पना आहे ती."

"सुईपण कल्पनाच का?"



तरुण लेखक अजूनही विचारतात, कथानक मोठं की पात्र? पात्र, असं मी ठोकून देतो. वाचक कथानक विसरतो, माणूस विसरत नाही. टाळ्या पडतात. खोटं नाहीच ते. माझ्या त्या गोष्टीचा शेवट वर्षभराने कुणाला धड सांगता आला नसता, पण शेजारणीकडे बघायची लोकांची नजर एकदा बदलली ती बदललीच. टाळ्या ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तिने मला कधी जाब विचारला नाही. फक्त व्यापाऱ्याला घरी येऊ नका म्हणून सांगितलं आणि गठ्ठे स्वतः आणू लागली. एका दुपारी ती स्टेशनच्या पुलावर दिसली. गठ्ठा कठड्यावर टेकवून दम खात उभी होती. चेहरा घामाने निथळत होता. मी लगबगीने पुढे झालो.

"द्या वहिनी, मी घेतो."

तिने आधी पुलावरच्या माणसांकडे पाहिलं, मग गठ्ठा पुन्हा कमरेवर घेतला.

"नको, भाऊजी. तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. लोक बघतात."

आणि मी खरोखरच पुढे निघून गेलो, रिकाम्या हाताने.