जनाबाईचा चहा

काल नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला पनवेलजवळच्या करंजाडे गावातला जनाबाईचा गोठा आठवला. नव्वद सालच्या आसपास मी पनवेलला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस होतो. जनाबाईच्या एकुलत्या म्हशीची कास सुजली होती, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं पेनिसिलिन टोचलं. औषध दुधात उतरतं, मी सांगेपर्यंत रतीब घालू नका, असं तिला बजावलं.

"दूध तर चांगलं पांढरं हाय," ती पुटपुटली.

दुसऱ्या सकाळी सायकल मारत पोचलो, तर तिने न विचारताच चहा पुढे केला. दाट, आल्याचा. दारात दुधाची भरलेली किटली दिसली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ती माझ्या ओठांकडेच बघत होती.

"दूध कुठलं?"

"आमच्याच म्हशीचं. दुसरी हाय कुठं?"

मी कप खाली ठेवला.

ती उठली आणि किटली उकिरड्यावर रिकामी केली. "मला वाटलं, माझा रतीब तोडायला दुसऱ्या गवळ्यानं तुमाला पढवलंय. तुमी प्यायले असते, तर मी रतिबाला निघालीच होती."

तेव्हा तिच्या संशयाचा राग आला होता. आता आठवते ती त्या सकाळची चहाची तलफ; न विचारता एक घोट घेतला असता, तर ते दूध घरोघरी गेलं असतं.