ऊन पडलं की निघायचं

जरा पाठ टेकते, असं म्हणून वृंदा तासगावकर तंबूत आडवी होते. सकाळची खिचडी नुकतीच झालीय, बाहेर बर्फ पडतोच आहे आणि शेजारच्या तंबूतली कोल्हापूरची मंडळी कंटाळून कुरकुरतायत. समोरचा उतार ओलांडला की खिंड, खिंडीपलीकडं गाव. वृंदा त्यांची म्होरकी, तिनं ठरवून टाकलंय: ऊन पडलं की निघायचं. सह्याद्रीत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? तिकडं पाऊस उघडला, कातळ वाळला, की लागा चढायला. हे तिला शिकवलं आबा जाचकांनी. त्याच आबांना तीन वर्षांपूर्वी या उतारानं गिळलं. ते सापडले नाहीत, आणि कसं झालं ते सांगायलाही कुणी उरलं नाही.

बर्फाच्या भारानं तंबूचं कापड नाकापाशी येतं. डोळा लागला की नाही, तेही तिला कळत नाही.

"सरक की गं थोडी," आबा म्हणतात.

ते शेजारीच मांडी घालून बसलेत. वृंदाला आनंद होतो आणि सणसणीत रागही येतो.

"होतात कुठं? काकू वाट बघून थकल्या!"

"इथंच की. हलताच येईना, तर जातोय कुठं?"

आता आबांच्या घरचा, काकूंचा स्वयंपाकाचा ओटा आहे. आबा ताटात रवा पसरतात, त्यावर नारळाची थापलेली अख्खी वडी ठेवतात आणि ताट तिरकं धरतात. वडी जागची हलत नाही.

"बसलीय की व्यवस्थित," वृंदा म्हणते.

"बसलीय ना? आता बघ." आबा वडीवर चमचाभर पाणी सोडतात. सगळी वडी एकदम सटकते. "खाली सुटा रवा, वर जड थर. या उताराचंही तसंच आहे. ताज्या बर्फावर ऊन पडलं की वरचा थर ओला होऊन आणखी जड होतो. आणि मी काय म्हणालो? ऊन पडलं, चला! लई शहाणा मी!"

वडी खाली पडतच नाही. ती पांढरी, गार होऊन वृंदाच्या छातीवर बसते, मग तोंडाभोवती, मग सगळीकडं. ओटा नाही, ताट नाही. हात कुठं आहे ते कळतं, पण बोट हलत नाही.

"आबा, वर कुठल्या बाजूला?"

"थुंकून बघ. थुंकी वाहील तिकडं खाली."

थुंकी तिच्या कानाकडं ओघळते. म्हणजे ती आडवी आहे. कळून करायचं काय? श्वास परत तोंडावरच येतो. वृंदा घाबरते, लहान पोरीसारखी घाबरते.

"मला बाहेर काढा हो, आबा!"

"मला कुणी काढलं?" ते रागानं म्हणत नाहीत. "रडू नको. मला सवय झालीय. तुला नको व्हायला."

मग ते तिच्याकडं पाठ करून काहीतरी खुडबुड करत बसतात.

"काय करताय?"

"दार लावतोय. तू सांगून ऐकणारी थोडीच आहेस!"

"ताई! ओ वृंदाताई! उठा की!"

बाहेरून शेजारच्या तंबूतला सुहास हाका मारतोय. तंबूचं कापड पिवळंधमक झालंय. ऊन पडलंय.

"सॅक भरून तयार आहोत. चला पटकन!"

वृंदा धडपडत दाराशी जाते. चेन उघडत नाही. चेनच्या दोन्ही कड्या आतून एकत्र बांधल्यात, बुटाच्या नाडीनं. आठाची गाठ, आणि उरलेलं टोक दोनदा आत खोचलेलं. असं फक्त आबा खोचायचे, आणि सगळे त्यांना हसायचे. तिच्या उजव्या बुटाला नाडी नाही.

ती सुरी काढते, पातं नाडीवर टेकवते, आणि थांबते.

"सुहास, सॅक उतरवा. आज उतारावर कुणी पाऊल टाकायचं नाही."

"अहो ताई, पण ऊन पडलंय!"

"म्हणूनच," वृंदा म्हणते.

बाहेर सगळे एकदम बोलायला लागतात. ती सुरी मिटते आणि गाठ मुठीत धरते. नाडी ओली आहे, बर्फासारखी गार.