बोटीवरचं पाणी मी बंद केलं

ऐका गं बायांनो. तहानलेलं एक नगर होतं, नगराच्या शिवेवर पडेगाव होतं. तिथं एक म्हातारी, तिचा लेक सुभाष, सून मंदा आणि नात वैजू असं चौघांचं घर नांदत होतं. त्यातली म्हातारी म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, भर पाण्यात मी जो घोळ घातला, तो आठवला की आज बी आधी देवाला हात जोडते. हसू मागून येतं.

मी लगीन होऊन पडेगावात आले तवा दौलताबादच्या रस्त्यापर्यंत नुसती ज्वारी डोलायची. आता बघाल तिकडं कॉलन्या. घरं वाढली, पाणी तेवढं वाढायचं राहिलं. त्यात पावसानं लागोपाठ दगा दिला. नळ आठवड्यानं यायचा, तो बी त्याच्या मनात आलं तर. लाईनमन वेळेवर नाय आला की गल्लीच्या तोंडाचा कॉक मीच फिरवायची. कुणाचा नळ सुटा राहिला की दार वाजवून त्याची सात पिढ्यांची विचारपूस करायची. सगळी गल्ली मला भ्यायची, अन् मी एकाच गोष्टीला भ्यायची. फुकट वाहणाऱ्या पाण्याला.

अशात वैजूनं शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सोडली. म्हणाली, "मी केरळात सहलीची गाईड होणार."

"कसली सहल?" सुभाषनं विचारलं.

"तिकडं खाडीत बेटं आहेत, पप्पा. पावण्यांनी एका बेटावर सायकल चालवायची. मग सायकली बोटीत टाकायच्या अन् दुसऱ्या बेटावर जायचं. तिथं पुन्हा सायकल."

"अन् याचे पैसे आपण त्यांना द्यायचे?"

"नाय, ते आपल्याला देतात."

"येडे झालेत का लोक?"

बोटीच्या मालकिणीचं नाव लीलाम्मा. तिनं वैजूला सांगितलं होतं, एक सहल करून दाखव. मराठी पावणे आण, मी स्वतः सोबत राहीन. नीट झालं तर काम कायमचं तुझं. सुभाषनं बी आपली अट घातली, "माझी माय तुझ्यासंगं येईल. सहल फसली तर गुमान परत यायचं अन् करमाडच्या स्थळाला हो म्हणायचं."

करमाडचा पोरगा वाईट नव्हता हो. पण वैजूचं तोंड असं उतरलं, जसं नळ येता येता गेल्यावर बाईचं उतरतं. मी मनात म्हणलं, पोरीची सहल फसू द्यायची नाय. काय वाटेल ते झालं तरी!

हेच ते 'काय वाटेल ते'. पुढं बघा.

तिथं पोहोचलो अन् मी वैजूचा हात घट्ट धरला. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, समोर पाणी. मी ड्रमापेक्षा खोल पाणी कधी जवळून बघितलं नव्हतं. पाण्याला काठ असतो एवढं मला ठाऊक. ह्याला काठच दिसंना!

पहिल्या दिवशी वैजूनं मला दोन सीटांच्या सायकलवर मागं बसवलं. ती पुढं, मी मागं, नऊवारीचा काष्टा आवळून. वाट कसली, दोन्ही बाजूंनी खाडी अन् मधी हातभर रुंद बांध. समोरून एक बदक आलं. बदक हो! ते वाट सोडंना अन् वैजू ब्रेक मारंना.

"आज्जे, माझी मान सोड!"

"मेले तरी सोडत नाय!"

"मला श्वास घेता येईना!"

"मला तरी कुठं येतोय?"

मागून येणारे पुण्याचे चार पावणे हसून हसून सायकलीवरून उतरले. त्यातल्या देशपांडेबाई म्हणाल्या, "आजी, डोळे उघडा, किती सुंदर आहे!" मी म्हणलं, "तुम्ही बघा अन् मला रात्री सांगा."

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले. सायकल नको, मी आपली बोटीत बसते. बोट बेटाला वळसा घालून पलीकडच्या धक्क्यावर जायची, पावणे, वैजू अन् लीलाम्मा बेटावरून सायकलीनं तिथंच यायचे. निघताना लीलाम्मानं सगळ्यांना बजावलं. वैजूनं त्याचं मराठी केलं, "बोटीवर प्यायच्या पाण्याची टाकी एकच आहे. संपली तर आज मिळणार नाही. जपून वापरा."

हे ऐकून मला पहिल्यांदा तिथं घरच्यासारखं वाटलं.

बोटीत उरलो दोघंच. मी अन् बोट चालवणारा बाबू. हा बाबू दुबईला राहून आलेला, म्हणून थोडं हिंदी बोलायचा. मी लाईफजाकीट घालून मधोमध मांडी ठोकून बसले. म्हणलं, मी हलले नाय तर बोट बी हलणार नाय.

थोड्या वेळानं कानावर आवाज आला. धो धो धो धो.

तो आवाज मी झोपेत बी ओळखते. जीव मुठीत धरून सरकत सरकत मागं गेले, वाकून बघते तर काय! बोटीच्या कुशीतून एक पाईप बाहेर आलेला अन् त्यातनं पाणी भसाभसा खाडीत पडायलंय! टाकी रिकामी व्हायलीय! पावणे उन्हातून तहानेले येणार, लीलाम्मा तोटी फिरवणार, तोटीतून हवा येणार. झाली मग सहल. निघा करमाडला!

मी ओरडले, "ओ बाबूभाई! पानी जा रा ना!"

त्यानं वळून पाईपाकडं बघितलं अन् खुशाल मान हलवली, "हां अम्मा. पानी जाता है. अच्छा है."

अच्छा है? ऐकलं का? अच्छा है म्हणे! मी मनात म्हणलं, ज्यांच्या दारात समुद्र त्यांना पाण्याची काय किंमत? ह्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नाय.

इंजिनावर एक फळी होती. ती उचलली. आत गरम वाफ, डिझेलचा वास अन् एक पाईप. त्या पाईपावर लाल चाकाचा कॉक! हुबेहूब आमच्या गल्लीतला! परमुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. पदर गुंडाळला, चाक धरलं अन् टाकलं अंगाचं वजन. कर्र कर्र करून फिरला. पाईपाची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद.

फळी लावली, हात पुसले, जाग्यावर येऊन बसले. भीती बी जरा कमी झाली. पाणी वाचवलं की मला नेहमी बरं वाटतं.

मग वास आला. करपल्याचा. मला वाटलं बाबूचा भात लागला. मग फळीखालून धूर आला. मग बोटीवर घंटी ठणाणा वाजायला लागली. बाबू मल्याळीत काय काय ओरडला ते मला कळलं नाय, पण ते देवाचं नाव नव्हतं एवढं नक्की. त्यानं इंजिन बंद केलं.

अन् सगळं शांत.

बायांनो, ती शांतता वंगाळ होती. भवताली नुसतं पाणी, वर मोकळं आभाळ अन् बोट आपली आपण फिरायला लागली, जात्यासारखी. ओहोटीचं पाणी आम्हाला ओढत होतं. बाबूनं दोराला बांधलेला लोखंडी गळ पाण्यात टाकला, तो तळाला धरंना. बाबू एकाच दिशेला बघायला लागला.

"उधर कायकू जा रे आपन?" मी विचारलं.

"अम्मा, उधर बडा जहाज का रास्ता है."

तेवढ्यात भोंगा वाजला. लांबून एक जहाज यायलं होतं. जहाज कसलं, आमची अख्खी कॉलनी उभी करून पाण्यात सोडल्यासारखं! खंडोबाला बोलले, भद्रा मारुतीला बोलले, पैठणच्या नाथांना बोलले. वाटेत जो देव आठवला त्याला काही ना काही कबूल केलं.

बाबूनं फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडून वैजू, "आज्जे, घाबरू नको. जाकीट घातलंयस ना?"

"घातलंय. पण तू लीलाम्माला काय बी सांगू नको!"

"त्या माझ्या शेजारीच उभ्या आहेत. आम्हाला धक्क्यावरून बोट दिसतेय. आज्जे, तू कशाला हात लावलास का?"

"मी? मी कशाला हात लावू? मी तर फक्त पाणी बंद केलं."

वैजूचा आवाज एकदम जवळ आला.

"कुठलं पाणी, आज्जे?"

"अगं, टाकीचं! सगळं वाहून चाललं होतं. फळीखालचा लाल कॉक. तुझ्यासाठीच केलं, बाई!"

मग एकदम हळू आवाजात, "आज्जे, ते टाकीचं पाणी नव्हतं. ती खाडीच होती. खाडीचं पाणी आत येतं, इंजिन गार करतं अन् परत खाडीत जातं."

मी वाकून खाडीकडं बघितलं. म्हणजे मी खाडी वाचवली होती! हे एवढं पाणी कमी पडंल म्हणून!

"फोन बाबूभाऊला दे," वैजू म्हणाली.

बाबूनं पळत जाऊन कॉक उघडला. पण आतलं रबर जळून गेलेलं, इंजिन काय चालू होईना. जहाजानं पुन्हा भोंगा दिला. मी डोळे मिटले. वाटलं, पडेगावची म्हातारी, जन्म गेला तहानेत अन् मरण आलं पाण्यात.

डोळे उघडले ते फटफट आवाजानं. एका कोळ्याची लहानशी बोट पाणी कापत यायली होती अन् तिच्या टोकाला माझी वैजू ताठ उभी, हातात दोर. हीच का ती पोरगी, जी लहानपणी टँकरच्या पाईपाला भ्यायची?

"बाबूभाऊ, दोर पकडा! पुढच्या खुंटीला! आज्जे, खाली बस, उठू नको!"

"बसलेच आहे गं! उठायला पाय कुठं राहिलेत?"

दोर ताणला, बोटीला हिसका बसला अन् आम्ही हळूहळू बाजूला सरकलो. ते जहाज आमच्या मागून गेलं. त्याच्या लाटेनं मी असली भिजले की पडेगावात महिनाभर एवढ्या पाण्यानं अंघोळ झाली नसती.

धक्क्यावर लीलाम्मा उभी. वैजू खाली मान घालून. मी ओल्या लुगड्यानं पुढं झाले, "बाई, गलती मेरी है. पोरीकू कुछ मत बोलो. बोलना है तो मेरेकू बोलो."

लीलाम्मानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वैजूला विचारलं, "कोळ्याला काय सांगून थांबवलं?"

"दिसला तशी पळत गेले. तुमचं नाव सांगितलं."

"अन् पावण्यांना?"

देशपांडेबाईच मधी बोलल्या, "तिनं आधी आम्हाला शेडखाली बसवलं, चहा सांगितला. अन् मग पळाली. आम्ही पुढच्या वर्षी येणार, पण हीच गाईड पाहिजे."

लीलाम्मा हसली. वैजूचा हात हातात घेतला अन् म्हणाली, मराठी पावण्यांच्या सगळ्या सहली आजपासून तुझ्या. वैजू रडायला लागली. मी बी. मग लीलाम्मानं माझ्याकडं बोट केलं, "और अम्मा घर पे."

आज वैजू तिथंच राहते, चार बोटींचं बघते. सुभाष कॉलनीभर सांगत फिरतो, "माझी पोरगी समुद्रावर असती." करमाडच्या पोराचं कवाच लगीन झालं, सुखात हाय.

अन् मी? लीलाम्मानं दुसऱ्याच दिवशी चारी बोटींचे कॉक उघडे ठेवून साखळी-कुलपानं बांधून टाकले. त्या कुलपाला तिकडचे बोटवाले 'आज्जी' म्हणतात. सकाळी बोट सुटायच्या आधी बाबू हाळी देतो, "आज्जी लगाया?" लगाया म्हणलं की मगच बोट हलते. म्हणजे बघा, पाण्याला भ्यायची मी, अन् रोज चार-चार बोटींतून बेटं फिरते. तोंडाला कुलूप लावून!